अंबिकाबाई स्वयंपाकघरात आहेत

पोलादपुरात चिंतामणी सरांचा इंग्रजीचा वर्ग दर रविवारी सकाळी दहाला त्यांच्या घरी भरे. बायको गेल्यानंतर चौथ्या महिन्यात त्यांनी तो सुरू केला, तेव्हा लोक म्हणाले, सर सावरले. सर सावरले नव्हते. सावरण्यासाठी आधी ढासळावं लागतं, आणि ते त्यांच्याकडून राहून गेलं होतं. अंबिकाबाई महाडच्या एका रुग्णालयात तीन दिवसांत गेल्या. सरांनी सगळं रीतसर केलं, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला कसं झालं, किती वाजता झालं ते त्याच त्या शब्दांत सांगितलं, आणि चौदाव्या दिवशी वीजबिल भरून आले. त्यांना वाईट वाटत नव्हतं. बरंही वाटत नव्हतं. एका बाजूवर फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, तसं काहीतरी झालं होतं. फक्त मुंग्या यायच्या बाकी होत्या.

वर्गाला सहा जणी येत. सगळ्या परिचारिका, सगळ्या महाड-पोलादपूरच्या आसपासच्या खेड्यांतल्या, पोलादपूर गावातली एकही नाही. महाडच्या बाजारपेठेत मोबाइलच्या दुकानाच्या वर अक्षय नावाच्या तरुणानं एजन्सी काढली होती. ही एजन्सी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या वृद्धाश्रमांना नर्स पुरवी. कागदावरच्या परीक्षा या बायका पास होत. गाडी अडायची ती मुलाखतीत. पडद्यावर तिकडच्या बाई यायच्या, हसून 'हाऊ आर यू' विचारायच्या, आणि इकडची बाई आठ वर्षं वॉर्ड सांभाळलेली असूनही दहावीच्या तोंडी परीक्षेला बसल्यासारखी घामाघूम व्हायची.

"आय अ‍ॅम नोइंग हिम," ललिता म्हणाली. ललिता बिरवाडीची, आवाज खणखणीत.

"कधीपासून?" सरांनी विचारलं.

"कधीपासून म्हणजे? ओळखते ना मी त्याला."

"मग ते ओळखणं आत्ता चालू आहे का? पोळ्या लाटणं चालू असतं, ललिता. ओळखणं चालू नसतं. ते नुसतं असतं. मराठीत तरी तू म्हणतेस का, मी त्याला ओळखत आहे?"

"टीव्हीवर म्हणतात, सर."

"टीव्हीवर बायका दागिने घालून झोपतात."

मग सरांनी फळ्यावर नो, लव्ह, हेट, हॅव, वाँट, बिलाँग अशी रांग लावली आणि सांगितलं, "काही क्रियापदं सकाळी उठून कामाला जातात. ही घरी बसून असतात. बैठी क्रियापदं म्हणा. यांना 'इंग' लावून जुंपायला जाऊ नका. उठायची नाहीत."

"म्हणजे आमच्या आळीतल्या बाप्यांसारखी," सरिता म्हणाली. सगळ्या हसल्या.

सरिता कापडे गावची. एकोणचाळीस वर्षांची. महाडच्या रुग्णालयात आठ वर्षं 'तात्पुरती' होती. दर अकरा महिन्यांनी तिला एक दिवस घरी बसवून दुसऱ्या दिवशी नव्यानं तात्पुरती करत. एजन्सीची वयाची अट चाळिशीची होती. तिला ही एकच संधी होती, आणि हे सहाही जणींना पाठ होतं.

पाठ असण्यावरूनच पुढचं सगळं घडलं.

मुलाखतीत एक प्रश्न हमखास येई: तुमच्या जवळच्या एका व्यक्तीविषयी सांगा. सरांनी नमुना म्हणून एक परिच्छेद सांगितला. फार विचार केला नाही. आठ मिनिटांत फळा भरला. 'अंबिका इज व्हेरी क्लोज टू मी. शी बिलाँग्ज टू पोलादपूर. शी लव्ह्ज ओल्ड रेडिओ साँग्ज. शी हेट्स नॉइज. शी हॅज अ स्मॉल स्कार ऑन हर चिन. शी सीम्स क्वाएट, बट शी नोज एव्हरीथिंग.' धडा बैठ्या क्रियापदांचा होता, म्हणून सगळं वर्तमानकाळात. हनुवटीवरच्या खुणेची स्पेलिंगसकट नोंद झाली. शेवटी सर म्हणाले, "या धर्तीवर आपापलं लिहून आणा."

'या धर्तीवर' हे शब्द महाराष्ट्रातल्या कुठल्याच वर्गात आजवर कोणी ऐकलेले नाहीत. पहिलीपासूनची शिस्त अशी की सरांनी सांगितलं ते वहीत जातं, वहीतलं डोक्यात जातं आणि डोक्यातलं परीक्षेत उतरतं. मध्ये स्वतःचं काही घालणं म्हणजे सरांचा अपमान. पुढच्या रविवारी सहाही जणींनी अंबिका घडाघडा म्हणून दाखवली. सरांनी एका 's' ची चूक काढली आणि पुढचा धडा घेतला.

त्यातून एक गोष्ट आपोआप ठरून गेली. बाई आहेत, आत स्वयंपाकघराच्या बंद दाराआड आहेत, त्यांना गोंगाट खपत नाही. चप्पल हळू काढायची. ललिता एकदा परसातल्या दोन काकड्या घेऊन आली, "बाईंना द्या." सर म्हणाले, "ठेव तिथे." कुणी आणखी काही विचारलं नाही. दहा महिने हे असंच चाललं. सर कुणाला फसवत नव्हते. फळ्यावर जे होतं तेवढं त्यांनी सांगितलं होतं, आणि कुणी विचारलं नव्हतं.

एका मंगळवारी मुलाखती झाल्या. संध्याकाळी अक्षयचा फोन आला. पाच जणी पास. सरिता नाही.

"सर, टेन्शन नका घेऊ," अक्षय म्हणाला. त्याचं बालपण मुंबईत गेलं होतं, त्यामुळे तो टेन्शन घेऊ नका असं म्हणूनच टेन्शन देई. "पण मॅटर जरा गंडलाय. सहाच्या सहा बायकांनी त्या अंबिकाचं सांगितलं."

"सहाच्या सहा?"

"सेम टू सेम. हनुवटीवरच्या खुणेसकट. मॅडमना आधी वाटलं, गावातली कोणी मोठी लीडर असेल. मग त्यांनी प्रत्येकीला वरून एकच प्रश्न टाकला. अंबिका आत्ता कुठे आहे?"

"मग?"

"तुमची ललिता म्हणाली, किचनमध्ये. एक म्हणाली, देवळात. एक म्हणाली, महाडला बाजाराला आलीय. एकीनं सांगितलं, आराम करतेय. आणि पाचवी म्हणाली, बाहेर उभी आहे. मॅडम दार बघायला लागल्या. पण इंग्लिश फ्लुएंट होतं, सर. मॅडम खूश. म्हणाल्या, फारच उत्साही बाई दिसतेय ही."

"आणि सरिता?"

"सरिता बोललीच नाही. दीड मिनिट. मी घड्याळ लावलेलं. नुसती स्क्रीनकडे बघत बसली. शेरा काय आलाय सांगू? ओळखीच्या माणसाविषयीच्या साध्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही."

सरांनी फोन ठेवला. त्यांना राग यायला हवा होता. ते थोडा वेळ त्याची वाट पाहत उभे राहिले. तो आला नाही.

बुधवारी सकाळी ललिता दारात हजर. पास होऊनही तिचा चेहरा उतरलेला.

"सर, सरिताला अक्षय अजून एक चान्स देतोय. शुक्रवारी. तुम्ही तिला फक्त सांगा, किचनमध्ये म्हणायचं. एका शब्दाचं काम आहे हो. आम्ही पाच जणी तर म्हणालोच ना?"

"पाच जणींनी पाच ठिकाणं सांगितलीत."

"ती गडबड झाली. पण इंग्लंडमधनं कोण बघायला येतंय?" मग ती आवाज खाली आणून, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत म्हणाली, "बाईंना राग आला का? आम्ही न विचारता त्यांचं नाव घेतलं म्हणून?"

"नाही," सर म्हणाले. "तिला राग आलेला नाही."

वाक्य बरोबर होतं. सर दुपारच्या एसटीनं कापड्याला गेले.

शेतांत भात लावून झाला होता. सरिताच्या घराच्या पडवीत तिची सासू ठकूबाई सुपात काहीतरी निवडत बसली होती. सरांना पाहून तिनं सूप बाजूला सारलं.

"या सर, जयभीम. बसा. आवो, बोलतच नाय ती कालपासून. मी म्हटला, एवढी शिकलेली तू, एका बाईचा पत्ता सांगाया काय झालता? ये गो सरिता, सर आलेत बघ!"

सरिता आतून आली. पाणी दिलं. उभीच राहिली.

"शुक्रवारी पुन्हा मुलाखत आहे," सरांनी सांगितलं. "तो प्रश्न परत येईल. अंबिका इज इन द किचन. इतकंच म्हण. वाक्य निर्दोष आहे."

"नाय म्हणणार मी."

"का?"

ठकूबाईनं सरांकडे पाहून हात उडवले, जणू सूनच नव्हे तर सगळी शिकलेली जमातच तिच्या आकलनापलीकडची होती.

"सरिता, तुझं वय निघून चाललंय. हे तूच मला सांगितलंस. इतर पाच जणींनी म्हटलं तेच तुला म्हणायचं आहे."

"त्यांना ठाऊक नाय, सर. मला ठाऊक आहे." सासूकडे एकदा पाहून ती बोललीच. "त्या दिवशी मी ड्युटीवर होते. बाईंच्या खाटेपाशी. तोंडाला मास्क होता, टोपी होती, म्हणून तुम्ही ओळखलं नाय. पहिल्या रविवारी वर्गाला आले तेव्हा मला वाटलं, ओळखलंय सरांनी, आणि काही बोलायचं नाय असं ठरवलंय. मग मीपण नाय बोलले."

ठकूबाईनं सूप परत पुढ्यात ओढलं.

"तुम्ही खाली इंजेक्शन आणायला गेला होतात," सरिता म्हणाली.

"हो. आणलं मी ते."

"आणलंत."

"दुकानात गर्दी होती."

"हो, सर."

एवढं झालं. सरांनी ग्लास खाली ठेवला, तो तांब्याला लागून वाजला. आपण विचारायला हवं, ते शेवटी कसं झालं, ती काही म्हणाली का, असं त्यांना समजत होतं. एखाद्याच्या घरी जाताना काहीतरी न्यायला हवं हे समजतं, तसं. विचारलं मात्र नाही. ते म्हणाले, "मग खरं सांग. पण खरं सांगितलंस तर त्या पुरावा मागतील. सहा जणींनी एकच बाई सांगितल्यावर कुणीही मागेल."

"पुरावा कशाचा?" ठकूबाईनं विचारलं.

"ती नसल्याचा," सर म्हणाले, आणि एसटीची वेळ विचारली.

अक्षयनं तेच सांगितलं. सरांचं एक पत्र आणि मृत्यूचा दाखला, इंग्रजी मजकुरासकट. तरच खरं सांगायला मुलाखत. नाहीतर किचन.

गुरुवारी सर महाडच्या नगरपालिकेत गेले. जन्म-मृत्यूच्या खिडकीमागे श्रीपत होता, त्यांचाच जुना विद्यार्थी. बॅक बेंचवरून थेट या खिडकीत आलेला. मधल्या काळात त्याचं फक्त पोट बदललं होतं.

"सर! बसा ना आत. काय, कोणाचा दाखला?"

"अंबिकेचा."

श्रीपतनं संगणकाकडे पाहिलं, मग सरांकडे. "चौदा महिने झाले, सर. नोंद दवाखान्याकडनं तेव्हाच आलीय. तुम्ही नेलाच नाहीत?"

"लागला नाही."

"लागला नाही कसा? लोक दहनावरून परस्पर इथं येतात. बँकेला लागतो, पेन्शनला लागतो, वारसाला लागतो..."

"तिच्या नावावर काही नव्हतं."

रेशनकार्डावर अजून दोन माणसं होती, मतदारयादीतही. सरकारला अंबिकाबाईंच्या जाण्याची जी नोंद लागत होती ती सरकारकडे होती. घरी लागत नव्हती, म्हणून आणली नव्हती. श्रीपतनं अर्ज पुढे केला. सरांनी तो शाळेतल्या अक्षरात भरला. 'दाखल्याचे प्रयोजन' या रकान्यापाशी आले, थांबले, आणि लिहिलं: सरिताच्या इंग्रजीसाठी.

श्रीपतनं ते दोनदा वाचलं. "सर, हे असं नाय चालणार. वैयक्तिक लिहा."

"वैयक्तिक नाही ते."

"सर, साहेब सही नाय करणार." त्यानं सरांच्या हातातलं पेन घेतलं, ओळ खोडली, आणि आपल्या हातानं 'वैयक्तिक' लिहिलं. शाळेत सरांनी त्याच्या वहीवर हेच उलटं अनेकदा केलं होतं, पण त्यात सूड नव्हता. तो फारच हळू लिहीत होता. "किती प्रती देऊ?"

"एक."

"दहा घेऊन ठेवतात लोक."

"एकच दे. एकदाच सांगायचं आहे."

दाखला आला. वर मराठी, खाली इंग्रजी. सरांनी सवयीनं तो तपासला. नाव, लिंग, तारीख, ठिकाण. इंग्रजीतलं स्पेलिंगही बरोबर होतं. तो घडी करून त्यांनी खिशात घातला आणि एजन्सीत बसून पत्र लिहिलं. पत्रात म्हटलं की परिच्छेद माझा, चूक माझी. पाच जणींना मी सांगितलं तेवढंच ठाऊक होतं आणि त्या त्यावर विसंबून बोलल्या, कुणीही जाणूनबुजून खोटं बोललेलं नाही. सहावीला जास्त ठाऊक होतं. अक्षयनं पत्र वाचलं, म्हणाला, "सर, हे वाचून त्या पाचही जणींना परत बोलावलं तर?"

"तर परत खरं सांगतील."

"आणि गेलं काम तर?"

सरांनी यावर विचार केला. "तर माझ्यामुळे गेलं असं लिही," ते म्हणाले. ललिताला त्यांनी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. पलीकडे ललिता रडायला लागली, कामासाठी नव्हे. "सर, मी काकड्या आणल्या होत्या हो," ती म्हणाली, "बाईंसाठी." सरांनी तिला धीर दिला. काकड्या चांगल्या होत्या, असं सांगितलं.

शुक्रवारी दुपारी तीनला मुलाखत होती. तिकडे सकाळ. अक्षयच्या ऑफिसात प्लायवूडच्या भिंतीनं एका खोलीच्या दोन केल्या होत्या, पण आवाजाच्या बाबतीत ती एकच राहिली होती. सरिता आत गेली. सर बाहेरच्या बाकावर बसले.

पडद्यावरच्या बाईंनी पत्र वाचलं होतं. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या की वाईट वाटलं, आणि आज त्या दुसरं काही विचारणार नाहीत. त्यांना जाणून घ्यायचं होतं ते एवढंच, की त्या दिवशी तू गप्प का झालीस? बाकीच्यांसारखं काहीतरी सांगून टाकणं सोपं होतं, असंही त्या म्हणाल्या.

सरांना वाटलं, पुन्हा दीड मिनिट.

"मॅडम, आय अ‍ॅम ऑलरेडी टेलिंग वन लाय," सरिता म्हणाली. "टू अंबिका मॅडम. सो आय अ‍ॅम नॉट वाँटिंग सेकंड लाय."

मग ती बोलत सुटली. कुठलाही परिच्छेद नव्हता. शब्द सापडला नाही की मराठी घाली आणि पुढे जाई. सगळी बैठी क्रियापदं तिनं उठवून कामाला लावली. नोइंग, वाँटिंग, हॅविंग, बिलिव्हिंग. ती सांगत होती की दुपारची वेळ होती. अंबिका मॅडमचे मिस्टर खाली औषधाला गेले होते. मॅडमना दम लागत होता, पण त्यांनी माझा हात ओढला. मी वाकले. मला वाटलं, पाणी मागतायत. त्या म्हणाल्या, हे जेवले का? मला ठाऊक होतं, ते कालपासून जेवले नव्हते. बाहेरच्या बाकावर बसून होते, मी येता-जाता बघत होते. मी म्हणाले, हो, जेवले. आत्ताच जेवले. मॅडम म्हणाल्या, भात खाल्ला का? मी म्हणाले, हो, भात खाल्ला. मग त्यांनी हात सोडला.

"शी वॉज बिलिव्हिंग मी," सरिता म्हणाली. "देन शी इज गॉन. अँड आय अ‍ॅम नॉट टेलिंग सर. वन यिअर. एव्हरी संडे आय अ‍ॅम कमिंग, अँड नॉट टेलिंग."

पलीकडच्या बाई काहीतरी म्हणाल्या. ते सरांना ऐकू आलं नाही. प्लायवूडपलीकडून खुर्ची सरकली, अक्षय इकडून तिकडे गेला, छापखान्यासारखा प्रिंटर चालू झाला. सर बाकावर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. 

सरिता बाहेर आली. तिनं सरांकडे पाहिलं नाही, पायऱ्यांजवळ जाऊन पाठमोरी उभी राहिली.

अक्षय हसत आला. "झालं, सर! सिलेक्ट. बाकीच्या पाच जणींचं पण कायम आहे. मॅडम म्हणाल्या, ग्रामर सुधारा, पण आम्हाला अशीच पाहिजे." मग तो सरांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. "सर? पाणी आणू?"

"इथे जेवण कुठे मिळतं?" सरांनी विचारलं.

"आत्ता? सर, चार वाजलेत. खानावळी बंद झाल्या असतील. खाली वडापाव मिळेल गरम."

"वडापाव नको," सर उठत म्हणाले. "भात पाहिजे."

"अहो, या वेळेला भात कुठून..."

"स्टँडच्या मागं एक बाई हाय," पायऱ्यांवरून सरिता म्हणाली. "उरलेला असतो तिच्याकडं. चला, मी दाखवते."